'६२ हजारच तर झालेत रे!'

मीटर कमी, बॉडी चकाचक, किंमत खिशाला परवडणारी... जुनी टर्बो गाडी घेताना आपण नेमके इथेच भुलतो. आणि मग एका रविवारी घाटात गाडी बंद पडते!

रविवार, सकाळचे साडेसहा. पौड मागे पडलेलं, ताम्हिणीचा ओला रस्ता समोर, पाऊस नुकताच थांबलेला. माझा मित्र (हिंजवडीत कोडिंग करतो, 'नाव छापलंस तर बघ' अशी धमकी आहे) त्याच्या २००५च्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसच्या स्टिअरिंगवर आणि मी शेजारी, चहाची टपरी कधी येते याची वाट बघत. एक मोकळा चढ दिसला. त्याने तिसरा गिअर टाकला, पाय जरा दाबला, टर्बोची ती ओळखीची शिट्टी ऐकू आली आणि... बस्स. ना धूर, ना धडाम. इंजिन गप्प, स्टिअरिंग एकदम जड, डॅशबोर्डवर सगळे दिवे लागून दिवाळी!

कशीबशी गाडी कडेला घेतली. त्याने किल्ली फिरवली. एरवी भार घेत घर्र-घर्र फिरणारं इंजिन आज झर्रकन, अगदी हलकं फिरत होतं. पण चालू व्हायचं नाव नाही. पुन्हा किल्ली. पुन्हा तेच. टोइंगवाल्याला फोन लावला, त्याने फोनवरच तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहेब, आता सेल मारू नका. बेल्ट गेलाय."

मित्राचं पहिलं वाक्य काय असेल? "पण ६२ हजारच तर झालेत रे!"

लाल रंगाचा नाद

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ साली ही व्हीआरएस भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे हॉर्सपॉवर. आज टर्बो पेट्रोल म्हणजे गल्लोगल्ली, पण तेव्हा आपल्याकडे हा शब्दच नवा होता. पोर्शेवाले नाक मुरडतील. चार दारं, अख्ख्या कुटुंबाच्या बॅगा मावतील एवढी डिकी, हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं? आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या पगारात, हो, म्हणायचं!

मित्र मूळचा औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. शहराबाहेर शेंद्र्याला २००१पासून ऑक्टेव्हिया जुळवली जायची आणि याचे बाबा त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. शाळेत असताना क्रांती चौकात सिग्नलला बाबांच्या स्कूटरवरून त्याने लाल व्हीआरएस पाहिली. बाबा म्हणाले, "मोठा हो, मग घे." झालं! गेल्या वर्षी त्याने तशीच लाल गाडी शोधून काढली. यंदा गणपतीत तिच्यातून घरी जायचं आणि बाबांना क्रांती चौकातून फिरवून आणायचं, असा सगळा बेत. घाटात गाडी बंद पडली तेव्हा गणपतीला पंधरा दिवस उरले होते.

काकांचं ऑपरेशन थिएटर

कर्वेनगरच्या एका गल्लीत एक काका फक्त जर्मन आणि चेक गाड्यांचं काम करतात. त्यांनी कव्हर उघडलं आणि दात झडलेला टायमिंग बेल्ट आमच्या हातात ठेवला. बोटाने वाकवला तर पाठीवर बारीक बारीक भेगा. सर्व्हिस बुक चाळलं. आधीच्या मालकाने ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, पॉलिशसुद्धा केलेलं. बेल्टचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे बहुधा कारखान्यात बसवलेलाच, वीस वर्षांचा!

या बेल्टचं काम काय? खाली पिस्टन वर-खाली होत असतात, वर वॉल्व्ह उघडझाप करत असतात. दोघांचा ताल हा रबरी पट्टा सांभाळतो. या इंजिनात दोघांची जागा इतकी जवळजवळ आहे, की ताल चुकला तर पिस्टन सरळ वॉल्व्हवर आदळतो. त्यात या इंजिनाला एका सिलिंडरला पाच वॉल्व्ह, एकूण वीस! आमच्या गाडीचे बारा वाकले होते. हेड उतरवा, लेथवाल्याकडे पाठवा, वॉल्व्ह मागवा, गास्केट मागवा... बेल्ट वेळेत बदलला असता तर मित्राच्या बाणेरच्या फ्लॅटच्या एका महिन्याच्या भाड्यात काम झालं असतं. आता एस्टिमेट आलं ते गाडी घेताना मोजलेल्या पैशांच्या जवळजवळ निम्मं.

"भंगारात देऊ का?" मित्राने विचारलं. अगदी खऱ्या आवाजात.

काका हात पुसत म्हणाले, "ते तुझं तू ठरव, बाळा. पण ठेवणार असशील तर हिला नव्या गाडीसारखी वागवू नकोस. प्रत्येक पार्टबद्दल दोन गोष्टी विचारायच्या. हा कशाने म्हातारा होतो, पळून की नुसता बसून? आणि हा गेला तर एकटा जाईल की सोबत कोणाला घेऊन जाईल?"

मी नोटपॅड काढलं. पुढचं बरंचसं त्यांचंच आहे.

पळून की बसून?

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, स्पार्क प्लग पळून झिजतात. त्यांच्यासाठी मीटर ठीक. पण जे जे रबर आहे ते बसूनसुद्धा म्हातारं होतं. बेल्ट, होज पाइप, बुश, इंजिन माउंटिंग, टायर... पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या गाडीत ही मंडळी हळूहळू कडक होत असतात. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा निघणारी 'फक्त ६२ हजार'वाली गाडी रोज ऑफिसला जाणाऱ्या सव्वा लाखवाल्या गाडीपेक्षा जास्त खर्चिक निघू शकते. आपण मात्र जाहिरातीत कमी किलोमीटर वाचलं की हरखून जातो!

बेल्टचा कंपनीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल, पण तो नव्या गाडीसाठी लिहिलेला असतो. काकांचा स्वतःचा हिशोब ८० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल ते. आणि एकटा बेल्ट नाही. टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप, सगळं एकदम. कारण पंप याच बेल्टवर फिरतो. पंप जाम झाला की नवा कोरा बेल्टही गेला! शिवाय मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्याचाच असतो, मग तेच दोनदा कशाला उघडायचं? जुन्या पंपाच्या आतली पाती प्लास्टिकची असतील तर नवा पंप धातूच्या पात्यांचा बघा. त्याच दिवशी थर्मोस्टॅट आणि नवं कूलंट. इथे एक सूचना. कूलंट नुसता रंग बघून टॉप-अप करू नका. दोन न जुळणारे प्रकार मिसळले तर आत गाळ होतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घ्या.

टायरचं तर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मित्राच्या टायरांवर नक्षी छान खोल होती. काकांनी कडेला लिहिलेले शेवटचे चार आकडे दाखवले: २३१४. म्हणजे २०१४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर! कायद्याला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण कायदा रबराचा कडकपणा मोजत नाही. ओल्या ताम्हिणीत आम्ही अकरा वर्षांच्या टायरांवर टर्बो दाबत होतो, हे ऐकून मी तिथल्याच स्टुलावर बसले.

ब्रेक ऑइलही असंच गुपचूप म्हातारं होतं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. लांबलचक उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की पेडल स्पंजसारखं खाली जातं. दोन वर्षांनी बदला, गाडी चाललेली असो वा नसो. सगळ्या यादीत याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही आणि विसरलंही हेच जातं!

एक नवीन भानगडही आहे. २०२३पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि सील त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतोय? पाइप फुगलेला, चिकट किंवा तडकलेला दिसतोय? मग 'पुढच्या सर्व्हिसला बघू' चालणार नाही. गरम टर्बोशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एकटा की सोबत?

दुसऱ्या प्रश्नाने मात्र पैसे वाचतात. कारण काही गोष्टी एकट्याच जातात आणि जाण्याआधी आवाज देतात.

शॉकअप घ्या. ऑइल गळत नाही, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत नाही, टायर लाटांसारखा झिजत नाही, तर राहू द्या. लोअर आर्मचे बुश गेले असतील तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते किंवा 'टक' असा आवाज येतो. आधी ते करा, अलाइनमेंट नंतर. (उलटं केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा!) क्लचची टेस्ट सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण दाबा. आरपीएम वर पळतोय आणि स्पीड मागेच राहतोय, तर क्लच घसरतोय. नसेल तर निव्वळ वय झालं म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका.

इग्निशन कॉईल हा या इंजिनाचा जुना नखरा. प्रत्येक प्लगवर एक, अशा चार. काका म्हणतात, जाईपर्यंत चालव, फक्त एक स्पेअर कॉईल डिकीत ठेव. पण इंजिन थरथरायला लागलं आणि इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर तसंच घरापर्यंत दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि एका कॉईलच्या जागी केवढ्याचं बिल येतं ते विचारू नका.

टर्बोसाठी दोनच पथ्यं: मॅन्युअलमधल्या ग्रेडचं सिंथेटिक ऑइल वेळेआधी बदला आणि घाट चढून आल्या-आल्या किल्ली काढू नका. एक-दोन मिनिटं इंजिन चालू राहू दे. पिकअप मेला तर लगेच 'टर्बो गेला' असंही समजू नका. तडकलेला होज किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा, बरेचदा भानगड एवढीच असते. एक्झॉस्टमधून निळा धूर यायला लागला तर मात्र टर्बो उतरवून बघायला हवा.

पार्टची चिंता वाटते तेवढी नाही. हेच १.८ टर्बो इंजिन त्या काळी ऑडी आणि फोक्सवॅगनच्या कितीतरी गाड्यांमध्ये होतं, त्यामुळे बेल्ट किट, पंप, कॉईल अजून मिळतात. पुण्यात नाना पेठ आहेच, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना काच-दिवा, दाराचं हँडल तिथून खुशाल घ्या. पण बेल्ट, टेन्शनर, ब्रेकचं काहीही, हे सीलबंद आणि बिलासकटच. या वस्तूंमध्ये सेकंडहँड आणि डुप्लिकेट दोन्ही नको.

आणि तुम्ही अजून गाडी घेतलीच नसेल तर? मालक शपथेवर सांगेल, "बेल्ट केलाय हो!" बिल मागा. बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही, असं धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. आरसी बुकही बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं आणि तिथे गाडीची फिटनेसही तपासतात. मित्राने गाडी घेताना साउंड सिस्टिम तासभर तपासली होती. बिल एकही मागितलं नव्हतं.

पुढे काय झालं? दोन रात्री झोप नाही, तीन एक्सेल शीट, आईचा फोन ("एवढ्यात नवी अल्टो आली असती"). मग त्याने हो म्हटलं. गाडी पाच आठवडे काकांकडे होती. गणपतीला तो शिवनेरीने गेला, बाप्पांसमोर तोंड पाडून बसला म्हणे.

गाडी घरी पोहोचली दिवाळीत. नवे टायर, नवं ब्रेक ऑइल, शॉकअप जुनेच. बाबांनी आधी बसायला नकार दिला, बॉनेट उघडायला लावलं. आत कव्हरवर पांढऱ्या टेपवर काकांनी मार्करने लिहिलंय: बेल्ट, पंप, तारीख, ६२,१४०. बाबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खाली पाच वर्षांनंतरची तारीख लिहिली. मग म्हणाले, "चल. पण क्रांती चौकात हळू घे."