रोशा गवत : ते कोठे उगवते आणि का जपावे

गवत म्हटले म्हणजे आपल्या घरांतून दूर्वा आणि दर्भ ह्यांचीच आठवण प्रथम होते. परंतु ज्या गवताच्या सुगंधाने निमाड-खानदेशाचे नाव परदेशच्या पेठांत पोचविले, ते रोशा गवत आपल्यापैकी अनेकांनी पाहूनही ओळखलेले नसते. त्याची थोडी माहिती येथे देत आहोत.

रोशा, ज्यास तिखाडी असेही म्हणतात, हे बहुवर्षायू गवत होय. संस्कृतात ह्यास रोहिष म्हणतात. एकदा मूळ धरले की त्याचे ठोंब दरवर्षी पावसाबरोबर नव्याने फुटते आणि पुरुषभर वाढते. पावसाळा सरता सरता तुरे येतात व पुढे तांबूस होतात. तेल असते ते मुख्यतः तुऱ्यांत व पानांत. म्हणून गवत फुलावर असताना कापतात.

पूर्वी नाल्याकाठी भट्टी लावून डेगेत गवत व पाणी उकळीत आणि वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात नेत. निवल्यावर वर तरंगे ते रोशेल तेल. मुंबई बंदरातून ते तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! व्यापारात त्यास ‘निमाडचे तेल’ असेही नाव होते. साबण व अत्तरांत ते आजही वापरतात. जिरॅनिऑल हे त्यातील मुख्य द्रव्य; चांगल्या तेलात ते शेकडा 75 ते 90 असते.

आता हे उगवते कोठे? आपल्या सांवेर रोडकडील सपाट काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते, ते ह्यास मानवत नाही. ह्यास निचरा व भरपूर ऊन हवे. म्हणून विंध्य-सातपुड्याचे उघडे, मुरमाड उतार हेच त्याचे घर. तेथील ‘मोतिया’ प्रकाराचे तेल उत्तम. ‘सोफिया’ हा प्रकार दिसण्यात तसाच, पण ओलसर, दाट रानात वाढतो. त्याचे तेल हलक्या प्रतीचे.

येथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. उघडा माळ दिसला की आपण तो ओसाड समजतो आणि पुण्यकार्य म्हणून तेथे दाट झाडी लावू पाहतो. त्या सावलीत मोतिया टिकत नाही. तसेच बी धरण्यापूर्वी दरवर्षी सारेच गवत कापले, तर नवी रोपे येणार कोठून?

तेव्हा वृक्षारोपणास जाणाऱ्या सभासदांनी खड्डे खणण्यापूर्वी तेथील गवताची दोन पाने चुरगाळून पाहावीत, मुलांनाही हुंगावयास द्यावीत. हाताला गुलाबासारखा वास आला, तर तो माळ रिकामा नाही असे समजावे.