टीप नव्हे, मजुरी!

मंडळी, दारी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना तुम्ही महिन्याला जे देता, त्याला मी टीप म्हणत नाही. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभारली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कुंड्या उपसणाऱ्या बायका हक्कानं दारी येऊ लागल्या. त्यांची कमाई दोनच गोष्टींवर: आपली फी आणि भंगार. ओलं-सुकं एकत्र टाकलं की भंगार नासतं, कमाई बुडते. पिझ्झ्यावर शेकडो रुपये उडवणारे आपण इथंच का घासाघीस करतो? कचरा वेगळा करा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा आणि पैसे वेळेवर द्या. दानधर्म नको, व्यवहार चोख ठेवूया!