उन्हाच्या तोंडावर पिकणारी लाल वाईन

आमच्या लातूरकडच्या मुरुडला द्राक्षबागेची परीक्षा एकच: मणी किती फुगला? घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, पाणी तोलून पाजायचं. वाईनच्या बागेत गणित उलटं. तिथं मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा हवा. कारण काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढुरकाच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत. मणी लहान तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून मण्यात पाणी उतरायला लागलं की वाईनचे बागायतदार ठिबक आवळतात. पुढं वायनरीत रस सालीसकट आंबवतात आणि वर येणारा सालींचा थर रोज खाली दाबतात.

लाल वाईनचं नाव निघालं की जाणकार फ्रान्सच्या बर्गंडीकडं बोट दाखवतात. तिथला वाण पिनो न्वार: पातळ सालीचा, गच्च घडाचा, लवकर पिकणारा. त्याची वाईन फिक्या रंगाची, नाजूक. मुरायला 228 लिटरच्या ओक पिंपात. तिथं वेल हिवाळाभर झोपतो, वसंतात फुटतो. एप्रिल 2021 मध्ये हिमदवानं कोवळे फुटवे जाळले आणि त्या साली पीक फारच कमी आलं. आमचा वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरात गोडी छाटणी फळासाठी.

खरा फरक शेवटच्या महिन्यात पडतो. बर्गंडीत जूनमध्ये फुलोरा, सप्टेंबरच्या आसपास तोड. म्हणजे फळ पिकतं तेव्हा उन्हाळा ओसरत असतो, रात्री गार होत जातात. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चात फळ पिकतं आणि ऊन चढत असतं. साखर भराभर वाढते, आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो. तोड पहाटे उरकली तरी वेलावरचं ऊन काही टळत नाही. अशा उन्हात पिनोचा नाजूकपणा टिकवणं फार कठीण.

म्हणूनच आपल्या राज्यात लाल वाईनसाठी शिराझ आणि कॅबरने हे वाण जास्त. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीत मोहिते-पाटील बंधूंसोबत इटलीचे वाईनकार पिएरो मासी आले, ते टस्कनीचे. त्यांनी सांजोव्हेजे आणि कॅबरने हे वाण मिसळून ‘सेते’ ही वाईन केली. मला हे शहाणपणाचं वाटतं. सोलापूरच्या उन्हाकडून बर्गंडी मागणं म्हणजे ज्वारीच्या रानात भात शोधणं.

2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूर जगलं. त्यामुळं वाईनसारख्या कमी पाण्याच्या बागेची गोष्ट निघाली की आमच्याकडं लोक कान टवकारतात. पण 2008-09 च्या मंदीनंतर नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाईनचे वेल उपटले, तेही आठवतं. या बारक्या, बियांच्या मण्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, बेदाणाही धड होत नाही. वायनरीनं माल नाकारला तर विकायचा कुठं? दराचा लेखी करार हातात पडल्याशिवाय मी तरी एक ओळही लावणार नाही.