दूरचा माणूस जवळ आणणारी जुनी भिंगे

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या, की आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या बऱ्याच घरांत चामड्याची एक तपकिरी केस सापडते. कुणाचे आजोबा लष्करातून निवृत्त झालेले असतात, कुणाच्या काकांचा स्टुडिओ असतो, तर कुणाचे मामा आखातातून येताना काहीबाही घेऊन आलेले असतात. केसमध्ये एक जड, धातूचा कॅमेरा असतो. सोबत कधीकधी वीतभर लांबीची एक वेगळी लेन्स असते. मग घरात दोन प्रश्न निघतात. हे अजून चालते का? आणि विकले तर किती येतील?

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि फिल्मवर फोटो काढण्याचा छंद बाळगून आहे. त्यामुळे असे कॅमेरे घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

आपल्याला परिचित असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा असतो आणि आपण थेट लेन्समधूनच पाहतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसे नसते. त्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मधोमध एक उजळ ठिपका असतो आणि त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवत गेले की त्या एकमेकींकडे सरकतात. दोन्ही एकजीव झाल्या की फोकस बरोबर बसला. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज घेतात, तोच हा हिशेब. कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांमधले अंतर जितके जास्त, तितके मोजमाप अचूक.

जर्मनीतील वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीने लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडला. १९३० मध्ये त्याची लेन्स बदलता येऊ लागली आणि १९३२ मध्ये रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या आतच बसवला गेला. त्याच वर्षी झाइस आयकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स आला. रशियनांनी १९३४ पासून खारकोवमध्ये लायकाच्या धर्तीवर फेड बनवला. महायुद्धानंतर झॉर्की आणि कॉन्टॅक्सच्या वळणाचा किएव्ह आला. जपानमध्ये कॅनन आणि निकॉन त्याच वाटेने गेले. १९५४ साली लायका एम-३ निघाला. आजही अनेक जाणकार त्याला या जातीचा सर्वोत्तम कॅमेरा मानतात.

लांब लेन्सची मर्यादा

रेंजफाइंडरसाठी लांब लेन्सा मुख्यतः ८५, ९०, १०५ आणि १३५ मि.मी.च्या. बोलताना आपण सगळ्यांनाच टेलिफोटो म्हणतो. काटेकोर अर्थाने, जिची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी असते तीच टेलिफोटो. लाइट्झची हेक्टर १३५ ही त्या अर्थाने टेलिफोटो नाही, ती नुसती लांब नळी आहे. पुढे १९६५ ची टेले-एल्मार नावाप्रमाणे खरी टेलिफोटो होती.

१३५ च्या पुढे मात्र हा कॅमेरा जवळजवळ हात टेकतो. दोन खिडक्यांमधले अंतर जेमतेम बोटभर. लेन्स जितकी लांब, तितकी फोकसमधली चूक ठळक दिसते. एफ ४ वर पाच मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे एक फुटाचा असतो. त्यातच पाहण्याच्या खिडकीत १३५ ची चौकट अगदी लहान, मधोमध पोस्टाचे तिकीट चिकटवावे तशी. एम-३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत. झॉर्की-४ मध्ये मात्र लांब लेन्ससाठी वर वेगळा फाइंडर बसवावा लागतो. दोनशे किंवा चारशे मि.मी. हवी असेल, तर लायकावर आरशाची एक वेगळी पेटी चढवावी लागे. तसे केल्यावर रेंजफाइंडरचा हलकेपणा उरत नाही.

मग या लेन्सा वापरल्या तरी का जात? कारण त्या चांगल्या होत्या. १९५० साली 'लाइफ' मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत असताना जून मिकी या जपानी छायाचित्रकाराने निक्कॉर ८५ मि.मी. लेन्सने त्यांचा फोटो काढला. प्रिंट पाहून डंकन चकित झाले आणि थेट कारखान्यात गेले. त्याच वर्षी कोरियाचे युद्ध पेटले आणि त्यांनी ते निक्कॉर लेन्सांनी टिपले. जपानी काच जगभर प्रतिष्ठेला चढली, त्यात या प्रसंगाचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे या कशा आल्या?

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि जकातही भारी होती. त्यामुळे लायका हे मोजक्या माणसांचेच सुख राहिले. सोव्हिएत रशियाशी व्यापार रुपयांत होत असल्याने तिकडचा माल मात्र तुलनेने परवडे. म्हणून आपल्या भागात केस उघडली की लायकापेक्षा झॉर्की किंवा फेड निघण्याचा संभव जास्त. त्यांच्यासोबत ज्युपिटर-९ म्हणजे ८५ मि.मी. एफ २, किंवा ज्युपिटर-११ म्हणजे १३५ मि.मी. एफ ४ या लेन्सा असतात. दोन्हींची मूळ रचना झाइसच्या सोनार लेन्सची. आज विकत घ्यायची झाल्यास मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहे, चोर बाजार आहे. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणाऱ्यांना हणजूणच्या बुधवारच्या बाजारातही कधीमधी एखादी लेन्स दिसते.

एक गोष्ट खरेदीदाराच्या पथ्यावर पडणारी. जुन्या लेन्सांत सर्वाधिक मागणी ३५ आणि ५० मि.मी.ला. १३५ ला गिऱ्हाईक कमी, म्हणून त्याच कंपनीची तितकीच उत्तम काच बरीच स्वस्त मिळते.

घेताना काय पाहावे?

लेन्स घेताना खिशात एक लहान टॉर्च ठेवा. मागून उजेड टाकून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती बुरशी. बेळगावच्या पावसाळ्यात चामडी केसमध्ये वर्षानुवर्षे पडलेल्या लेन्सला हा रोग हटकून होतो. नुसती बुरशी कडेला असेल तर कारागीर काढून देतो. काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर इलाज नाही. आतून सगळीकडे धुरकट दिसत असेल तर फोटो फिके येतात. ऍपर्चरच्या पात्यांवर थोडे तेल असले तर या लेन्सांत फारसे बिघडत नाही. फोकसचे कडे घट्ट झाले असेल तर आतले ग्रीस वाळले आहे असे समजावे.

लेन्स कोणत्या आट्यांची आहे हे विचारा. लायकाचे जुने कॅमेरे, झॉर्की आणि फेड यांचे आटे ३९ मि.मी.चे. किएव्ह आणि कॉन्टॅक्सची बैठक निराळी. रशियन लेन्स लायकावर चढते, पण दोन्हींच्या मोजमापात सूक्ष्म फरक असल्याने लांब लेन्सवर फोकस चुकू शकतो. सोन्याचा मुलामा आणि गरुडाचे चिन्ह असलेला 'लायका' स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा. झॉर्की-फेडवर नाव कोरून असे कॅमेरे पुष्कळ तयार झाले आहेत.

घरी आल्यावर दोन परीक्षा घ्या. पहिली दूरची. येळ्ळूरच्या राजहंसगडासारखी दोन-चार मैलांवरची टेकडी पाहा. कडे अनंताच्या खुणेवर असताना दोन्ही प्रतिमा जुळायला हव्यात. दुसरी जवळची. टेपने मोजून तीन मीटरवर वर्तमानपत्र तिरके लावा, मधल्या एका ओळीवर फोकस करा आणि ऍपर्चर पूर्ण उघडून फोटो काढा. रोल धुऊन आल्यावर नेमकी तीच ओळ स्पष्ट असेल तर जोडी जमली.

वापरताना

झॉर्की-फेडमध्ये रोल पुढे ओढल्याशिवाय शटरचा वेग बदलू नये, आतली यंत्रणा बिघडते. शटरचा पडदा कापडाचा असल्याने लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा उघड्यावर ठेवू नये. भिंगाने कागद जाळतात तसे पडद्याला भोक पडते. मीटर नसेल तर लख्ख उन्हात एफ १६ ठेवून फिल्मच्या आयएसओइतका वेग लावावा, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. हातात धरून १३५ वापरताना १/२५० बरा.

आज रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून छत्तीस फोटोंना हजार रुपयांच्या वर खर्च येतो. आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंतली धुलाई बंद झाल्याने रोल पुणे, मुंबई किंवा बंगळूरला पाठवावा लागतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी जुनी लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर चढवावी. छान चालते.

१३५ चा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. पंधरा फुटांवरून घेतला तर फोटोत माणूस कमरेपर्यंत भरतो. पंधरा फूट म्हणजे आपण त्याला दिसतो आणि तो आपल्याला हात करून नको म्हणू शकतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन दुरून बायकांचे फोटो टिपणारे लोक मी पाहिले आहेत. भंडाऱ्याने माखलेला चेहरा त्यांना हवा असतो, त्या चेहऱ्याची परवानगी नको असते. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली कायद्याने बंदी आली. पण त्या प्रथेने पोळलेल्या बाईचा फोटो चोरून काढून प्रदर्शनात लावणे हीसुद्धा तिची विटंबनाच आहे. रेंजफाइंडरची मर्यादा इथे सद्गुण ठरते.

काचेपेक्षा मोलाचे

दोन वर्षांपूर्वी निपाणीकडचा एक विद्यार्थी आजोबांचा झॉर्की-४ आणि ज्युपिटर-११ घेऊन आला. आजोबांचा छोटा स्टुडिओ होता. ऑनलाइन किती येतील, हे त्याला हवे होते. लेन्सला कडेने बुरशी होती, बाकी बरी होती. केसच्या तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या तीन पट्ट्या होत्या. त्या तो टाकून देणार होता.

पट्ट्या उजेडावर धरून मोबाईलने फोटो घेतले आणि रंग उलटे केले. रस्त्यावर बसलेली माणसे दिसली. फेटे, टोप्या, मागे रांगेत उभे ट्रक. निपाणीच्या वाचकांना अधिक सांगायला नको. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. शेवटी ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. कागदावर तारीख नव्हती, त्यामुळे मी खात्री देऊ शकलो नाही. पोरगा म्हणाला, "आज्जीला दाखवतो, सर."

चार दिवसांनी मला त्यांच्या घरी बोलावणे आले. आज्जींनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला होता. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यो माझा थोरला भाऊ न्हवं का. तंबाखूच्या वक्ताला बसला हुता रस्त्यावर. त्याचा एक बी फोटू न्हाई आमच्यात." भाऊ वारून बरीच वर्षे झाली होती. माहेरी त्याचा लग्नातलाही फोटो नव्हता.

तो चेहरा ओळखू आला त्याला कारण ती लेन्स. साध्या ५० मि.मी.च्या लेन्सने त्याच जागेवरून फोटो काढला असता तर चेहरा पावणेतीन पट लहान आला असता आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या ठिपक्यात भाऊ ओळखता आला नसता. मोर्चे, सभा, पालखी, मिरवणूक यांचे फोटो लांब लेन्सने काढले जात. म्हणून अशा केसांत पडलेल्या पट्ट्यांत आपल्या भागाची माणसे चेहऱ्यांसकट असतात. सीमाभागाचा इतिहास ठरावांत आणि निकालपत्रांत आहेच. पण रस्त्यावर बसलेला माणूस कोण होता, हे त्यात नसते.

ज्युपिटर-११ सारख्या लेन्सा कारखान्यात हजारोंनी बनल्या. एक विकली तर दुसरी मिळेल. निगेटिव्ह मात्र एकच असते. म्हणून वाचकांना विनंती. लेन्स विकायची तर खुशाल विका, वापरायची तर जरूर वापरा. चामडी केसमधून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. केसमध्ये पट्ट्या सापडल्या तर कडेने धरा, पुसू नका, साध्या कागदी पाकिटात एकेक वेगळी घाला आणि कोरड्या जागी ठेवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे, तिची नक्कल आधी करून घ्या. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा आणि तो जी नावे सांगेल ती पाकिटावर पेन्सिलने लिहा.

त्या विद्यार्थ्याने लेन्स विकली नाही. बुरशी काढून आणली आहे आणि आता तिच्यावर आज्जीचाच पहिला रोल काढायचा त्याचा विचार आहे. आज्जींची अट एकच आहे, नवे लुगडे नेसल्याशिवाय फोटो काढायचा नाही.