एकच 'ज्ञ', तीन हाका

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक बारसे झाले. पाळणा सजला होता, घुगऱ्या तयार होत्या. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितले, 'प्रज्ञान'. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि तिथेच वादाला तोंड फुटले.

बाळाचे वडील साताऱ्याचे, आई लखनौची. साताऱ्याची आजी म्हणाली 'प्रद्न्यान', लखनौची नानी म्हणाली 'प्रग्यान'. समोरच्या गुजराती बेन 'प्रग्नान' म्हणून मोकळ्या झाल्या. प्रत्येकीला दुसरीचा उच्चार चुकीचा वाटत होता. शेवटी बाळाचे वडील मला म्हणाले, "काका, तुम्ही लेखक. तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

नाव तसे क्वचितच कानावर पडणारे. शब्द मात्र जुना, ऐतरेय उपनिषदात आलेला. सामान्य घरांत तो पोचला २३ ऑगस्ट २०२३ रोजी. त्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले आणि काही तासांनी त्यातून सहा चाकांची, २६ किलो वजनाची गाडी बाहेर आली. तिचे नाव 'प्रज्ञान'. २०१९ च्या चांद्रयान-२ मधील गाडीचेही तेच नाव होते, पण ती मोहीम उतरतानाच फसली. यश मिळाले की नावालाही मोल येते. मात्र हिंदी बातम्यांत आपण 'प्रग्यान' ऐकले आणि घरात 'प्रद्न्यान' म्हणालो.

खरे सांगायचे तर 'ज्ञ' म्हणजे 'ज' आणि 'ञ' यांचे जोडाक्षर. हा मूळ उच्चार आज ना साताऱ्यात होतो, ना लखनौत. प्रत्येक प्रांताने आपल्या जिभेला जमेल तसा तो वळवून घेतला. तेव्हा चूक कोणाचीच नाही, किंवा म्हणायचेच तर सगळ्यांची सारखीच आहे.

अडचण बोलण्यात नाही, ती कागदावर आहे. हे मी बँकेत शिकलो. खातेदारांची अनुक्रमणिका इंग्रजी अक्षरांप्रमाणे असे. आपले ज्ञानेश्वर 'डी'खाली, ज्ञानी झैलसिंगांचा 'ज्ञानी' 'जी'खाली आणि ज्ञानपीठ पुरस्कार 'जे'खाली! एक अक्षर, तीन घरे.

एकदा एक विधवा बाई नवऱ्याच्या विम्याचा चेक घेऊन आली. तिच्या नावात 'ज्ञ' होता. पासबुकावर 'डी-एन-वाय', चेकवर 'जी-वाय'. नियमावर बोट ठेवून मी चेक जमा करून घेतला नाही, प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "सायेब, मी तर एकच हाय न्हवं?" तिचे पैसे जमा व्हायला दीड महिना लागला. नियम मी मोडला नव्हता, तरी तिचा प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्याबरोबर राहिला आहे.

म्हणून बारशाच्या दिवशी मी उच्चाराचा निवाडा दिलाच नाही. मी म्हणालो, हाका हव्या तितक्या मारा, पण स्पेलिंग आजच एक ठरवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नावाशिवाय नोंद झाली असेल तर पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क नाव घालता येते. घाई नको, पण हयगयही नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावर जे अक्षर पडेल, ते जन्मभर सोबत करील.

रात्री आईवडिलांनी कागद-पेन घेऊन 'जी-वाय' ठरवले. चंद्रावरच्या गाडीचे स्पेलिंग तसेच, हे कारण. साताऱ्याच्या आजी जरा हिरमुसल्या. मग बाळाला मांडीवर घेत म्हणाल्या, "लिहा हवं तसं. हाक मारताना मला कोण अडवतंय?"

आणि त्यांनी ठसक्यात हाक मारली, "प्रद्न्यान!" बाळाने मान वळवली. थोड्या वेळाने नानीने हाक मारली, तेव्हाही वळवली.