चाक जाम होऊ न देणारा ठोकळा

पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर हे दिसतं. शेतातला ट्रॅक्टर डांबरावर चढतो आणि चाकांना चिकटलेली काळी माती सोडत पुढे जातो. वरून भुरभुर लागली की तिची राड होते. पाथरी, मानवत, परभणी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ कितीही रुंद झाला तरी शेतं त्याला लागूनच आहेत. अशा जागी समोर म्हैस आली की ड्रायव्हर ब्रेकवर सगळा जोर देतो.

जुन्या गाडीत इथं चाकं जाम व्हायची. जाम झालेला टायर नुसता घसरतो. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. म्हणून जुने ड्रायव्हर ब्रेक ‘पंप’ करायचे, दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, तेच करतं, पण सेकंदाला कित्येक वेळा आणि प्रत्येक चाकाचा वेगळा हिशेब ठेवून.

बोनेट उघडलं की ब्रेक ऑइलच्या नळ्या एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरताना दिसतात. आत व्हॉल्व्ह आणि पंप, बाहेरून चिकटवलेली छोटी मोटर आणि कॉम्प्युटर. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग कळवत राहतो. एखादं चाक गाडीच्या मानानं फारच झपाट्यानं मंदावलं, की ते जाम होण्याच्या बेतात आहे हे कॉम्प्युटर ओळखतो. त्या चाकाकडचा दाब आधी रोखायचा, तरी भागलं नाही तर थोडा सोडायचा, चाकानं वेग धरला की पुन्हा द्यायचा. सोडलेलं ऑइल पंप मागे ढकलतो, म्हणून पायाखाली पेडल थरथरतं. त्या थरथरीला दचकून पाय उचलणारे अजून भेटतात. पाय उचलायचा नाही. पंप करायचं काम आता ठोकळ्याचं आहे.

आपल्याकडची खरी परीक्षा साइडपट्टीवर. समोरून उसाची ट्रॉली आली की आपण डावी चाकं मातीत उतरवतो, उजवी डांबरावर राहतात. तेव्हा जोरात ब्रेक लागला तर उजवी बाजू धरते, डावी घसरते आणि गाडी उजवीकडे, थेट ट्रॉलीकडे, वळू पाहते. यावर उपाय म्हणून मागच्या दोन्ही चाकांना सहसा कमी पकड असलेल्या चाकाइतकाच दाब दिला जातो. थांबायला अंतर थोडं जास्त लागतं, पण गाडी फिरत नाही. हा सौदा मला अगदी पटतो.

ईएससी, म्हणजे घसरती गाडी ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, याच्या पुढची. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी स्वतःभोवती किती वेगानं फिरतेय, हे दोन्ही ती मोजते. ड्रायव्हरची इच्छा आणि गाडीची चाल यांचा मेळ बसेना, की ती एकाच चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, पुढचा भाग सरळ घसरत चालला तर आतल्या बाजूचं मागचं. गरज पडली तर इंजिनचा जोरही कमी करते.

बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, ईएससी १९९५ मध्ये. पण तिचं नाव झालं १९९७ मध्ये. स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक आलेल्या मूसला, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाला, चुकवण्याची चाचणी घेताना छोटी मर्सिडीज ए-क्लास उलटली. मग कंपनीनं त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना ही यंत्रणा बसवली. आपल्याकडे मूस नाही, रोही आहेत, रानडुकरं आहेत. भारतात नव्या कारना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे. ईएससीला वजन दिलं कारना सुरक्षेचे तारे देणाऱ्या २०२३ च्या भारत एनकॅपनं: ती नसेल तर तीन किंवा त्याहून जास्त तारे मिळत नाहीत. गाडी घेताना सनरूफच्या आधी ईएससी आहे का, हे विचारावं.

मात्र ठोकळा पकड निर्माण करत नाही, असलेलीच वाटून देतो. सैल मुरमावर तर एबीएसची गाडी कधी कधी उशिरा थांबते, कारण जाम चाक पुढे मुरूम गोळा करून त्यातच रुततं, फिरणारं चाक त्यावरून निघून जातं. आणि वेग ६० चा ८० केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पावणेदोन पटीहून जास्त होतं. गुळगुळीत टायर असतील तर विचारूच नका.

गॅरेजमधल्या तक्रारी बहुतेक साध्या असतात: सेन्सरवर चिखल, उंदरानं कुरतडलेली वायर. एक मात्र फसवी. आजच्या पुष्कळ गाड्यांत व्हील बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय कडं असतं. मिस्त्रीनं बेअरिंग उलटं ठोकलं की चाक छान फिरतं, पण सेन्सरला काही कळत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. नुसता पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त चाक जाम होऊ शकतं. तेव्हा सावकाश घरी जाता येतं. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तिथंच बाजूला घेऊन मिस्त्रीला बोलवावं.