अधोजत्रु रोहिणी

आकुर्डी, भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यांतून घरीं परतलेल्या वडिलांच्या मनगटावर, आंगठ्याच्या मुळाशीं, तीन बोटें ठेवून पाहा. जो ठोका लागतो त्यास आपण नाडी म्हणतों. हा ठोका मनगटांत उत्पन्न होत नाहीं. हृदयांतून निघालेली रक्ताची लाट छातीच्या वरच्या भागांतून, काखेंतून व दंडांतून तेथवर येते. या वाटेवर हाताकडे वळणारी जी मोठी रक्तवाहिनी, तिचें नांव अधोजत्रु रोहिणी. जत्रु म्हणजे मानेच्या पायथ्याशीं आडवें लागणारें हाड. त्याच्या खालून जाते म्हणून ती अधोजत्रु. हृदयापासून रक्त दूर नेते ती रोहिणी व हृदयाकडे परत आणते ती नीला, हें बालवाचकांस ठाऊक असेलच.

उजव्या व डाव्या बाजूंचा उगम मात्र एकसारखा नाहीं. हृदयांतून निघणारी महारोहिणी वर चढून डावीकडे कमानीसारखी वळते. या कमानींतून प्रथम एक आखूड खोड निघतें व त्याचे दोन फांटे होतात. एक मस्तकाकडे जातो, दुसरा उजवी अधोजत्रु रोहिणी होय. डावी कमानींतूनच स्वतंत्रपणें निघते. शंभरांत एखाद्याची उजवी रोहिणी कमानीच्या शेवटीं निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे येते. बहुतेकांस याचा जन्मभर पत्ताही लागत नाहीं. क्वचित् कोणास घांस गिळतांना अडथळा होतो. डेव्हिड बेफर्ड या इंग्रज वैद्यानें अशा एका स्त्रीची हकीकत सन १७९४ मध्यें प्रसिद्ध केली होती.

पुढें ही रोहिणी पहिली बरगडी ओलांडते. तेथें मानेंतून उतरलेला एक स्नायु बरगडीस चिकटलेला असतो. रोहिणी त्याच्या मागून व नीला त्याच्या पुढून जाते, आणि हाताच्या मज्जातंतूंचा जुडगाही रोहिणीच्या सोबतीनें त्याच फटींतून निघतो. जागा मोठी अडचणीची! कोणाच्या मानेंत जन्मतः एक अधिक बरगडी असते. मग ही फट आणखी अरुंद होऊन हात वर धरतांच गार पडतो, मुंग्या येतात.

हिच्या शाखाही थोर आहेत. एक मानेच्या मणक्यांच्या भोंकांतून मेंदूच्या मागील भागास जाते. दुसरी उरोस्थीच्या कडेनें खालीं उतरते, व हृदयाच्या बंद पडलेल्या रोहिणीस वळसा घालण्यासाठीं शस्त्रवैद्य बहुधा हिचाच उपयोग करतात. मूळ रोहिणी उगमाशीं अरुंद झाली तर पहिल्या शाखेंतील रक्त उलट वाहून हाताकडे जाऊं शकतें. हातानें मेंदूचा वांटा पळवावा, असाच हा प्रकार. काम करतांना त्या मनुष्यास चक्कर येते. म्हणून रक्तदाब दोन्ही हातांवर मोजण्यास वैद्यानें सांगितलें तर कंटाळूं नये.

आपल्या भागांत या विद्येचें प्रयोजन अधिक. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन बटणें दूरदूर बसवितात. दोन्ही हात त्यांवर असल्यावांचून यंत्र खालीं येऊं नये ही योजना. काम भराभर उरकावें म्हणून एक बटण बांधून ठेवण्याचे प्रकार घडतात. त्यांस युक्ति म्हणणें मला पसंत नाहीं.

हाताच्या मोठ्या जखमेंतून रक्त उसळूं लागल्यास जत्रूच्या मागें आंगठा रोवून रोहिणी बरगडीवर दाबावी, असें जुनीं प्रथमोपचाराचीं पुस्तकें शिकवीत. हें सामान्य माणसास साधणें कठीण. स्वच्छ कापड थेट जखमेवर ठेवून जोरानें दाबावें. तरीही न थांबल्यास जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळून वेळ लिहून ठेवावी, पट्टी वैद्यानेंच सोडावी, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खुद्द जत्रूपाशीं जखम झाल्यास पट्टी बांधण्यास जागाच नसते. जें हाड रोहिणीचें रक्षण करतें, तेंच तिला मदतीच्या हातापासून लपवितें. तेथें दाब व त्वरा एवढाच उपाय.

बोट तुटून पडल्यास तें ओलसर स्वच्छ कापडांत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवींत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट बर्फांत थेट पुरल्यास त्यांतील सूक्ष्म वाहिन्या गोठून बिघडतात व सांधणें दुरापास्त होतें.